जवारी

मिरजेहून दस्तगीरमामा येतात दर वैशाखात,
तळ्याकाठच्या तीन रात्रींच्या गाण्यासाठी.
हातात पत्र्याची पेटी: कानस, काचपेपर,
उंटाच्या हाडाच्या दोन घोड्या,
आणि लसणीच्या चटणीचा डबा,
कारण ठाण्याचं तिखट त्यांना तिखट वाटत नाही.

मी मंडळाची स्वयंसेवक. गळ्यात बिल्ला.
काम एकच, पाहुण्याला फिरवणे.
काय काय दाखवायचं ते पत्रकात छापलंय.
त्यात 'सुरेल संध्याकाळ'ची 'सुरळी संध्याकाळ' झालीय.
कुणाला दिसली नव्हती चूक,
मामांना रिक्षातच दिसली.
मग नौपाड्यापर्यंत हसत होते.

गावदेवी मैदानात आंब्यांचा बाजार.
देवगडवाला फोड पुढे करतोय,
आणि मामा शेजारच्या गाडीवरची कलिंगडं
बोटाच्या पेरानं वाजवत चाललेत,
कान लावून, एकेक.
"हा भोपळा असता ना पोरी,
पाच वर्षं माळ्यावर वाळवला असता."
कलिंगडवाला म्हणाला, चाचा, कापून देऊ?
मामा दचकले.

शाळेच्या व्हरांड्यात सुट्टीचं शिबिर,
चाळीस पोरं, चाळीस तबले.
एकोणचाळीस एका लयीत
आणि खिडकीपाशी एक मुलगी स्वतःच्या.
सर तिच्याकडे डोळे वटारतात.
मामांनी तिला खिशातली खडीसाखर दिली,
सरांची पाठ वळल्यावर.

उपवनला होडीत बसलो, हंसाच्या.
चपला भिजल्या. बाकी काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊरच्या नाक्यावर
पाड्यावरून उतरलेली बारकी,
टोपलीत करवंदं, पळसाचे द्रोण.
"करवंदंयंऽऽऽ"
मामा भर रस्त्यात थांबले,
मागे स्कूटरवाला शिव्या देतोय.
"शेवटाला ऐक. आवाज संपतो कुठं?
एकातून दुसरा उगवतोय बघ, बारीक.
हीच जवारी.
आम्ही हाड घासघासून मरतो तिच्यासाठी."
बारकी म्हणाली,
घ्यायची तर घ्या बाबा, ऊन चढतंय.

तिसऱ्या रात्री
घोडबंदरच्या टॉवरांचे मालक चाळीस मिनिटं बोलले.
पोहण्याचा तलाव, योगकक्ष, मग पुन्हा पोहण्याचा तलाव.
सोडत निघाली, मिक्सर कुणाला तरी मिळाला,
निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.
आणि पडद्यामागे डावा तंबोरा
बसल्या घशासारखा.
तळ्याची ओल, नाहीतर कुणाचा तरी पाय,
तारेखालचा दोरा निघून पडलेला.
रीळ शोधलं. रीळ मिरजेला.
बाई डोळे मिटून बसल्या होत्या,
चिडल्याही नव्हत्या,
त्याचीच भीती वाटत होती.

मामांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं.
"सुती हाय?"
हो म्हणेपर्यंत काठ त्यांच्या दाताखाली.
हळदी रंगाचा वीतभर दोरा
तारेखाली सरकवला,
नखानं केसभर पुढे,
केसभर मागे,
परत पुढे.
कपाळावरचा घाम नाकापर्यंत आला तरी पुसला नाही.

आणि एकदम
कुणीतरी अंधाऱ्या खोलीची खिडकी लोटावी
तशी ती तार.

बिहाग झाला. कसा झाला ते मला सांगता येत नाही,
मी तारेखालचा पिवळा ठिपका बघत होते.
बाहेर भेळवाला कांदा चिरत होता,
तळ्यात कारंजं आपल्या वेळेला बंद झालं.

सकाळी तीन हात नाक्यावर गाडी लागली.
मामा म्हणाले, तंबोरे भिंतीला टेकवू नका,
ओल धरते.
दोऱ्याबद्दल बोलले नाहीत.
ओढणी रोज थोडी उसवतेय,
आई म्हणते, टीप मार. मी म्हणते, उद्या.

पुढल्या वर्षीच्या पत्रकासाठी मी एक ओळ दिलीय:
पाहुण्यांनी नऊच्या आत येऊरच्या नाक्यावर जावं,
करवंदं घ्यावीत,
घासाघीस करू नये.

चिटणीस विचारतात,
यात कार्यक्रम कुठे आहे?